अठरा तास सव्वीस मिनिटं आणि त्याआधीची पंधरा वर्षं

लष्कराच्या नोकरीत उभं आयुष्य गेलं, पण अंगावर गणवेश कधी चढला नाही, अशा माणसाचा गौरव कसा करायचा? खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भद्रावती, पुलगाव, मुंबईची नौदल गोदी, संरक्षण खात्याच्या अशा सगळ्या ठिकाणी दर महिन्याच्या अखेरीस हा प्रश्न येतो, कारण सरकारी निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. शाल, श्रीफळ, चौकटीतलं सर्टिफिकेट, साहेबांसोबत एक फोटो. सर्टिफिकेटवर ‘निष्ठेने आणि प्रामाणिकपणे सेवा केली’ अशा धर्तीचं वाक्य. त्यात खोटं काहीच नसतं. पण नाव झाकलं तर ते सर्टिफिकेट कुणाचंही असू शकतं. उद्या नातवाने विचारलं, ‘आजोबा तिथे नेमकं काय करायचे?’ तर भिंतीवरच्या त्या चौकटीकडे उत्तर नसतं.

या प्रश्नावर विचार करताना मला एक प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. ते अमेरिकेतलं आहे. रे माँटेग्यू या अमेरिकी नौदलाच्या नागरी कर्मचारी. १९५६ मध्ये टायपिस्ट म्हणून लागल्या आणि १९९० मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा नौदलातल्या कॅप्टनच्या तोडीच्या नागरी हुद्द्यावर होत्या. अमेरिकी नौदलाच्या जहाजाचा पहिला कच्चा आराखडा संगणकावर तयार झाला तो त्यांच्या हातून. नौदलाने त्यांना पदक दिलं, निरोपही मानाने दिला. तरी देशाला त्यांचं नाव कळलं ते त्यांच्या वयाच्या ८२ व्या वर्षी, आणि त्यानंतर पावणेदोन वर्षांत त्या गेल्या.

सरळ अन्यायाच्या गोष्टीपेक्षा हे प्रकरण अवघड आहे ते यामुळेच. खात्याने पाठच फिरवली असती तर दोष कुणाचा ते पटकन सांगता आलं असतं. इथे पदक आहे, झेंडा आहे, टाळ्याही आहेत. मग राहिलं काय?

लिटल रॉक ते कार्डरॉक

त्यांचा जन्म २१ जानेवारी १९३५ चा, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूकडून पकडलेली एक छोटी पाणबुडी तिथे लोकांना पाहायला ठेवली होती. सात वर्षांच्या रेला आजोबा ती दाखवायला घेऊन गेले. तिने पेरिस्कोपला डोळा लावला, समोरच्या तबकड्या आणि कळा पाहिल्या, आणि तिथल्या माणसाला विचारलं, हे सगळं करायला काय शिकावं लागतं? इंजिनिअर व्हावं लागतं, पण तुला त्याची काळजी करायचं कारण नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. त्या काळात त्या गावात एका कृष्णवर्णीय मुलीला बहुतेकांनी हेच सांगितलं असतं. आपला अपमान झाला हे तेव्हा कळलंच नाही, असं त्या पुढे मोठेपणी सांगत. मनात राहिला तो ‘इंजिनिअर’ हा शब्द.

आई फ्लॉसी यांनी मुलीपासून काही लपवलं नाही. तीन गोष्टी तुझ्या आड येणार, त्या म्हणाल्या: तू मुलगी आहेस, काळी आहेस, आणि दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळेत शिकते आहेस. पण शिकलीस तर जे हवं ते होशील.

फेएटव्हिलच्या राज्य विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंगची पदवी मिळण्याची सोय नव्हती. त्यामुळे पाइन ब्लफच्या कॉलेजातून त्यांनी व्यवसाय शाखेची पदवी घेतली, १९५६ मध्ये, आणि वॉशिंग्टनची वाट धरली. त्यांच्या मागे पुढच्याच वर्षी लिटल रॉकमध्ये काय झालं ते जगाला ठाऊक आहे. नऊ कृष्णवर्णीय मुलांना, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या सेंट्रल हायस्कूलच्या दारातून आत नेण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवावे लागले. पुढे आयझेनहॉवर यांच्याच नावाच्या विमानवाहू जहाजाच्या कामात माँटेग्यूबाईंचा हात लागला, हे मला फार मोलाचं वाटतं.

नोकरी मिळाली ती मेरिलँडमधल्या कार्डरॉकच्या डेव्हिड टेलर मॉडेल बेसिनमध्ये. ही जागा समजून घेतली पाहिजे. लांबच लांब छपराखाली पाण्याची टाकी, जवळजवळ एक किलोमीटर लांबीची. टाकीच्या दोन्ही कडांवर रूळ, रुळांवर गाडा, आणि गाड्याला बांधून पाण्यातून ओढायची जहाजांची मॉडेल्स. टाकी इतकी लांब की रूळ पृथ्वीच्या गोलाईला धरून बसवलेले आहेत, म्हणजे गाडा पाण्याच्या पृष्ठभागापासून सगळीकडे सारख्याच उंचीवर राहतो. मॉडेल ओढताना किती जोर लागला ते मोजायचं आणि त्यावरून खऱ्या जहाजाला किती ताकदीचं इंजिन लागेल ते काढायचं. असल्या ठिकाणी आकडेमोडीला अंत नसतो. तेव्हा तिथे युनिव्हॅक हा संगणक होता: हजारो काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब, खोली भरून टाकणारा आकार, आणि स्मृती म्हणाल तर एक हजार शब्दांची. माँटेग्यूबाईंचं टेबल त्याच्या शेजारी. भोवतालची मंडळी येल, हार्वर्डसारख्या विद्यापीठांतून शिकून आलेली इंजिनिअर. या टायपिंग करायच्या आणि बघायच्या, कोण कुठली कळ दाबतं, कशानंतर काय करतं.

एक दिवस सगळे इंजिनिअर आजारी पडले. कुणीच आलं नाही. बाई उठल्या आणि यंत्र चालवलं.

हा प्रसंग त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत येतो आणि तो खराच नाट्यपूर्ण आहे. पण माझं लक्ष त्यानंतरच्या वर्षांकडे जास्त जातं. त्यांनी संध्याकाळच्या वर्गात प्रोग्रामिंग शिकून घेतलं. बढती हवी असेल तर रात्रपाळी करावी लागेल, असं वरिष्ठाने सांगितलं. रात्री त्या भागात बस नव्हती आणि बाईंना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी ३७५ डॉलरला एक जुनी पाँटिॲक घेतली. विकणाऱ्यानेच ती घरापर्यंत आणून दिली. मध्यरात्रीच्या पाळीसाठी त्या रात्री दहालाच निघायच्या, रस्ते मोकळे असतात म्हणून, आणि हळूहळू चालवत कार्डरॉकला पोहोचायच्या. गाडी शिकल्या त्या अशा.

आराखड्याला दोन वर्षं का लागत

त्यांनी काय केलं ते कळायला आधी जहाजाचा आराखडा हाताने कसा होतो ते माहीत हवं. गौरवाच्या भाषणांत नेमका हाच भाग गाळला जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

युद्धनौका हवी असं ठरलं की आधी गरजा येतात: वेग किती, एका दमात किती अंतर जायचं, शस्त्रं कोणती, माणसं किती. त्यावरून एकूण वजनाचा अंदाज बांधायचा. वजनावरून हलचा, म्हणजे जहाजाच्या मुख्य अंगाचा आकार ठरवायचा. त्या आकाराला पाण्यातून त्या वेगाने न्यायला किती ताकद लागेल ते काढायचं. ताकदीवरून इंजिन, इंजिनावरून इंधन. आणि इथे गाडं अडतं, कारण इंजिन-इंधनाचं वजन धरलं की पहिला अंदाज चुकलेला असतो. वजन वाढलं की हल वाढतो, हल वाढला की ताकद वाढवावी लागते. पुन्हा पहिल्यापासून. त्यातच जहाज कललं तर सरळ होईल का, एखाद्या भागात पाणी शिरलं तर तरंगेल का, हेही प्रत्येक फेरीत तपासायचं. ही चक्रं फिरत फिरत आकडे एका जागी स्थिरावले की कच्चा आराखडा झाला म्हणायचं.

कागदावर हलच्या रेषा काढायला लवचीक पट्टी लागे. ती शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून ठेवायची, म्हणजे वळण गुळगुळीत येतं. मग त्या रेषांमधली क्षेत्रफळं मोजायची, सिम्पसनच्या नियमाने, म्हणजे वक्र आकारांचं माप काढायच्या गणिती पद्धतीने, आकारमान काढायचं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला गेलेल्या कुणालाही तो नियम आठवेल. परीक्षेत एक गणित सोडवायला लागणारा वेळ आठवा आणि तीच गणितं जहाजाच्या प्रत्येक छेदासाठी, दर फेरीला नव्याने, अशी कल्पना करा. पानांवर पानं, खोडरबर, पुन्हा पानं. याला दोन वर्षं लागत, आणि ती लागत म्हणून कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

हे चक्र संगणकावर घालायचं काम माँटेग्यूबाईंकडे आलं. मुदत सहा महिने. नौदल त्याच कामाच्या मागे सहा वर्षं होतं आणि जमलं नव्हतं, हे मात्र साहेबांनी त्यांना सांगितलं नाही. यंत्रणा सोडवून पुन्हा जुळवावी लागली, त्यासाठी रात्री थांबणं आलं. रात्री एकटीने थांबता येणार नाही, असा नियम पुढे झाला. सोबतीला माणूस मिळेना. तेव्हा त्यांनी आई आणि तीन वर्षांचा मुलगा डेव्हिड यांना सोबत नेलं. नौदलाच्या संगणकाच्या खोलीत एक आजी, एक लहान मूल, आणि प्रोग्राम लिहिणारी आई. मुदतीत काम झालं. त्यानंतर त्यांच्या हाताखाली माणसं दिली गेली.

१९७१

दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि एकगठ्ठा निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मोठ्या संख्येने घेता येईल अशी, बेताच्या किमतीची फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका, नौदलाला हवी होती. किंमत, वजन आणि खलाशांची संख्या यांवर आधीच मर्यादा घातलेल्या. अशा वेळी आराखडा पटकन हातात आला तर किती सोयीचं, कारण मर्यादा मोडते आहे का ते लगेच कळतं. अध्यक्ष निक्सन यांना दोन महिन्यांत आराखडा हवा होता. माँटेग्यूबाईंना एक महिना दिला गेला. त्यांच्या प्रोग्रामने तो काढून दिला १८ तास २६ मिनिटांत.

त्या आराखड्यातून पुढे ऑलिव्हर हॅझर्ड पेरी वर्गाच्या, म्हणजे त्याच एका साच्याच्या, फ्रिगेट आल्या. पहिली १९७७ च्या डिसेंबरमध्ये नौदलात दाखल झाली. अमेरिकेसाठी ५१ बांधल्या गेल्या, ऑस्ट्रेलिया, स्पेन आणि तैवानच्या धरून एकूण ७१. अमेरिकी नौदलातली शेवटची २०१५ मध्ये निवृत्त झाली.

तीन गौरव

पहिला गौरव १९७२ चा. नौदलाने त्यांना नागरी कर्मचाऱ्यांसाठीचं गुणवत्ता सेवा पदक दिलं. उशीर अजिबात नाही, कामानंतर पुढच्याच वर्षी. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ‘हयातीत कुणी दखल घेतली नाही’ असं त्यांच्याबद्दल म्हणणं चूक आहे. त्यांच्या वरिष्ठांमध्ये कामाची किंमत ओळखणारी माणसं होती. पुढे नौदलातल्या जहाजबांधणीच्या पहिल्या महिला प्रोग्राम मॅनेजर त्या झाल्या, आणि इंजिनिअरिंगची पदवी नसताना नोंदणीकृत व्यावसायिक इंजिनिअरही.

पण हे पदक खात्याच्या आतलं होतं. ते ज्यांना दिसलं त्यांना बाईंचं काम आधीच माहीत होतं. खात्याबाहेर निघालेली वस्तू होती जहाज, आणि जहाजावर कुणाचं नाव होतं? ऑलिव्हर हॅझर्ड पेरी, १८१३ मध्ये ईरी सरोवराची लढाई जिंकणारे नौदल अधिकारी. ज्या संस्थेत काम झालं तिचं नाव रिअर ॲडमिरल डेव्हिड टेलर यांचं. नौदलात नाव लागतं ते गणवेशातल्या माणसाचं. नागरी कर्मचाऱ्याचं काम फाइल नंबर आणि प्रकल्प क्रमांकाखाली जमा होतं, वर गोपनीयतेचा शिक्का असतो, आणि पंधरा-वीस वर्षांत ज्यांना आठवण असते ते एकेक करून निवृत्त होतात. कुणी मुद्दाम पुसत नाही. लिहून ठेवलेलं नसतं, म्हणून पुसलं जातं.

दुसरा गौरव १९९० चा, निरोपाचा. अमेरिकी संसदेच्या इमारतीवर त्यांच्या सन्मानार्थ फडकवलेला राष्ट्रध्वज त्यांना भेट मिळाला. नागरी कर्मचाऱ्यासाठी ही मोठी मानाची गोष्ट. मला तो झेंडा पाहायला आवडला असता. तरीही तो हातात घेणाऱ्या त्रयस्थाला त्यातून काय कळणार? की देश या बाईंचा ऋणी आहे. कशाबद्दल, ते नाही.

तिसरा गौरव सुरू झाला घराकडून. २००६ मध्ये त्या लिटल रॉकला परतल्या. शाळकरी मुलांना भेटत, मार्गदर्शन करत. २०१३ मध्ये राज्यातल्या कृष्णवर्णीय मान्यवरांच्या सन्मानसूचीत त्यांचं नाव आलं, म्हणजे आपल्या माणसांनी देशाच्या चार वर्षं आधी ओळखलं. मग नासातल्या कृष्णवर्णीय महिला गणितज्ञांवरचा चित्रपट आला, ‘अशा आणखी कोण होत्या?’ हा प्रश्न लोकांना पडू लागला, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात रे माँटेग्यू अमेरिकेच्या घराघरांत पोहोचल्या. २०१८ मध्ये आर्कान्साच्या महिला सन्मानसूचीत त्यांचा समावेश झाला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी, ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं आणि मोठमोठ्या वृत्तपत्रांनी सविस्तर मृत्युलेख छापले.

तिसऱ्या गौरवात नव्याने काय आलं? पहिल्यांदाच कुणीतरी ‘काय केलं’ हे साध्या भाषेत सांगितलं. जहाज कुठलं, यंत्र कुठलं, वेळ किती. लोकांच्या मनात घर केलं ते या तपशिलाने. पदक त्याआधी ४५ वर्षं होतंच.

मोजून मापून

मात्र या तिसऱ्या गौरवातही एक खोट राहिली आहे, आणि बाईंबद्दल आदर आहे म्हणूनच ती दाखवली पाहिजे. ‘१८ तासांत जहाज बनवलं’ असं सर्रास लिहिलं जातं. १८ तास २६ मिनिटांत निघाला तो कच्चा आराखडा: मुख्य मापं, वजनं, हलचा आकार. त्यानंतर सविस्तर नकाशे झाले, पाइप आणि केबलचा मार्ग ठरला, पोलाद कापलं गेलं, आणि मेन राज्यातल्या बाथच्या गोदीत शेकडो वेल्डर-फिटरांनी पहिलं जहाज उभं केलं. आराखड्यापासून जहाजापर्यंत सहा वर्षं गेली. १९८७ मध्ये याच वर्गाच्या स्टार्क या फ्रिगेटवर पर्शियाच्या आखातात दोन क्षेपणास्त्रं आदळली. ३७ खलाशी गेले, जहाज बुडालं नाही. पुढच्या वर्षी सॅम्युएल बी. रॉबर्ट्स सुरुंगावर गेली, कणा मोडला, पण तिलाही खलाशांनी तरंगत ठेवलं आणि एकही माणूस गेला नाही. या दोन जहाजांच्या तगण्याचं श्रेय रात्रभर पाण्याशी आणि आगीशी झुंजलेल्या खलाशांचं, बारकावे ठरवणाऱ्या डिझायनरांचं, वेल्डरांचं. ते सगळं एका माणसाच्या नावे मांडलं तर त्या बाकीच्या नागरी कामगारांना आपण पुन्हा अदृश्य करतो. माँटेग्यूबाईंच्या बाबतीत जे झालं तेच.

शिवाय १८ तासांच्या आकड्यावर भर दिला की त्यांचं खरं काम झाकलं जातं, असं मला ठामपणे वाटतं. त्या १८ तासांत यंत्र चाललं. बाईंचं कर्तृत्व त्याआधीच्या पंधरा वर्षांत आहे: टायपिंग करता करता पाहून शिकणं, संध्याकाळचे वर्ग, रात्रीची गाडी, आणि ‘जमत नाही’ म्हणून सहा वर्षं पडून असलेलं काम सहा महिन्यांत पुरं करणं. कुठल्या क्रमाने कोणतं गणित यंत्राला द्यायचं, फेरी कुठे थांबवायची, कोणता आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, ही सगळी जहाजबांधणीची समज त्यांनी त्या प्रोग्राममध्ये घातली होती. वेगाचं कौतुक आपण यंत्राचं करतो आणि नाव बाईंचं घेतो. ‘पहिली महिला’, ‘पहिली कृष्णवर्णीय’ ही बिरुदंही तशीच. ती खरी आहेत, ती मिळवायला त्यांना जबर किंमत मोजावी लागली, पण बिरुदापाशी थांबणाऱ्याला काम कळत नाही.

त्यांच्या बाबतीत ही कसर घरच्यांनी भरून काढली. मुलाने आईकडून सगळं ऐकून ठेवलं होतं. पुढे तो प्राध्यापक झाला, आणि एका लेखिकेसोबत त्याने आईचं चरित्र लिहिलं. ते २०२१ मध्ये आलं, बाई गेल्यानंतर. ज्या माणसाचा मुलगा प्राध्यापक नाही, ज्याच्या घरी लिहिणारं कुणी नाही, त्याचं काय?

आपल्या डेपोत, आपल्या गोदीत

हा प्रश्न मला थेट आपल्याकडे आणतो. संरक्षण खात्याच्या नागरी नोकरीवर महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्या उभ्या राहिल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, जुने रजिस्टर आणि जुन्या शाखा गेल्या. ‘मी फॅक्टरीत होतो’ असं सांगणाऱ्या माणसाची फॅक्टरी कागदावर आता दुसऱ्याच नावाची आहे. कामाची आठवण नोंदवायची घाई अशा वेळी जास्त असते.

पुलगावची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. ३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवायला धावले त्यात भांडाराच्या अग्निशमन दलाचे नागरी कर्मचारी होते, आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांबरोबर त्यांच्यातलेही अनेक जण गेले. दारूगोळ्याच्या शेडकडे बंब घेऊन जाणं म्हणजे काय, हे रोज त्या तयारीत असणाऱ्यालाच माहीत. त्या फायरमनचं रोजचं काम कसं होतं, कुठल्या कवायती चालायच्या, उन्हाळ्यात गवत कापण्यापासून पाण्याच्या टाक्या भरलेल्या ठेवण्यापर्यंत काय काय पाहावं लागायचं, हे आपण किती जणांनी कधी विचारलं?

माझं म्हणणं साधं आहे. गौरवपत्रात ‘निष्ठा’ आणि ‘प्रामाणिकपणा’ राहू द्या, पण त्याखाली चार ओळी अशा हव्यात की त्या दुसऱ्या कुणालाही लागू पडणार नाहीत. कुठलं यंत्र, कुठली शाखा, कुठलं काम यांच्या हातून झालं, कुठली अडचण यांनी सोडवली, कुणाला शिकवलं. गोपनीय ते वगळूनही पुष्कळ उरतं. क्रेनखाली माल बांधणारा रिगर, सुटे भाग पंचवीस वर्षं ओळखून काढून देणारा स्टोअरकीपर, मोजमापात कधी तडजोड न केलेला तपासनीस, प्रत्येकाबद्दल अशा ओळी लिहिता येतात. त्यासाठी निवृत्तीच्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. सहा महिने आधी शाखेतल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याने त्यांच्याशेजारी बसायला हवं, वही घेऊन. माणूस गेल्यावर शोकसभेत बोलायची वेळ आली तर घरच्यांआधी त्यांच्या पाळीतल्या जोडीदाराला विचारावं. बायको-मुलांना नोकरीच्या वेळा माहीत असतात, आणि काम माहीत असतं ते बाजूच्या बेंचवरच्याला.

आणि ‘ओळी’ म्हणजे किती मोठं, असं कुणी विचारलं तर १९९० मध्ये माँटेग्यूबाईंच्या झेंड्यासोबत जोडता आला असता असा मजकूर इथे देतो. यातला प्रत्येक तपशील तेव्हा कार्डरॉकच्या लोकांना ठाऊक होता:

‘रे माँटेग्यू १९५६ मध्ये आमच्याकडे टायपिस्ट म्हणून आल्या. शेजारचा संगणक त्या पाहून शिकल्या, मग वर्गात जाऊन शिकल्या. जहाजाचं वजन, हल, ताकद आणि तोल यांची हाताने दोन वर्षं चालणारी आकडेमोड यंत्राकडून करून घेणारा प्रोग्राम त्यांनी तयार केला. आम्ही सहा वर्षं त्यात अडकलो होतो. त्यांनी तो सहा महिन्यांत पुरा केला, रात्री थांबून, आईला आणि लहान मुलाला सोबत घेऊन, कारण आम्ही त्यांना माणूस दिला नव्हता. १९७१ मध्ये त्याच प्रोग्रामने पेरी वर्गाच्या फ्रिगेटचा पहिला कच्चा आराखडा १८ तास २६ मिनिटांत दिला. आज त्या वर्गाची जहाजं समुद्रावर आहेत आणि इथे आराखड्याला बसणारा प्रत्येक जण संगणकापासून सुरुवात करतो.’